पाठ वाऱ्याकडे

सुधाताई परचुऱ्यांकडे मी पहिल्यांदा गेलो तो घसा दाखवायला.

त्याचं असं झालं. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं, आणि मी इंजिनिअरिंग शिकायला श्टुटगार्टला येऊन जेमतेम महिना झाला होता. तिथल्या गारठ्यानं माझा घसा असा काही धरला, की वर्गात स्वतःचं नाव सांगताना शेजारचा पोरगा दचकायचा. घरमालकीण कसल्याशा फुलांचा काढा पाजून पाजून थकली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अरे, त्सुफेनहाउझेनला तुमची एक पुण्याची डॉक्टरीण राहते की!" मला देव भेटल्यासारखं झालं. पत्ता शोधत गेलो, जिने चढून धापा टाकत बेल वाजवली. दार उघडलं ते पातळावर पुरुषी लोकरी स्वेटर चढवलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या एका बाईंनी.

"घसा ना? ये आत. आ कर."

मी आ केला. त्यांनी मला खिडकीशी नेलं, दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, कानामागचे केस बोटानं उलटे करून पाहिले.

"दात उत्तम. केस जरा विरळ आहेत. भूक कशी आहे?"

"लागते."

"मग मरत नाहीस. माझ्या पेशंटांना एवढं असलं की पुरतं."

"कुठल्या हॉस्पिटलात असता आपण?"

"हॉस्पिटल कसलं बोडक्याचं! मी अस्वलांची डॉक्टर. म्हणजे अजून तीही नाही. अस्वलांनी मनावर घेतलं तर होईन."

प्राणिशास्त्रात प्रबंध लिहीत होत्या बाई. विषय, अस्वलीण पिल्लांना कशी वाढवते. मी शरमून उठायला लागलो, तर खांद्यावर हात दाबून बसवलं आणि मऊ भातावर मेतकूट आणि लोणी घालून ताट पुढं ठेवलं. घसा तिसऱ्या दिवशी बरा झाला, पण माझं नाव तेव्हापासून कायमचं 'घसोबा' पडलं. पुढं आमच्या मंडळींतले निम्मे लोक मला त्याच नावानं ओळखायचे, आणि खरं नाव सांगितलं तर "हे कोण?" म्हणायचे.

श्टुटगार्टात तेव्हा मराठी माणूस शोधावा लागे. जे पाचसात जण होतो ते रविवारी सुधाताईंच्या खोलीत पडीक असायचो. त्या आमच्याकडे अस्वलांच्या नजरेनं बघायच्या. कुणाचं लग्न ठरतंय म्हटलं की पहिला प्रश्न, "मुलीला भूक आहे का चांगली?" कुणी परीक्षेत नापास झालं की, "हिवाळा होता रे. हिवाळ्यात कुणीच काही करत नाही. झोप काढ आणि उन्हाळ्यात बस पुन्हा." उपदेश म्हणाल तर एवढाच. मागून पाठीत असा एक धपाटा घालायच्या की माणूस दोन पावलं पुढं जायचा.

बाकी स्वभाव म्हणाल तर तिरसट. उगाच गोड बोलणाऱ्या माणसाचं त्यांना वावडं होतं. कुणी फार साखर पेरायला लागलं की मला मराठीत सांगायच्या, "घसोबा, सांभाळ. अस्वली गुदगुल्या चालल्यात." आणि मग स्वतःच कपाळाला हात लावायच्या. "बघ, इतके दिवस अस्वलांत काढले, एकानं गुदगुली केली नाही. आपल्या लोकांनी ही म्हण काढली कुठून, कोण जाणे!"

अस्वलांचं वेड मात्र आपल्याकडचंच. त्यांचं लहानपण वाईत गेलं. पोर भारी भित्री. अंधाराला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, मामाच्या मिशांना भ्यायची. शेवटी दारात दरवेशी आला तेव्हा आईनं त्याच्याकडून अस्वलाचा केस घेतला आणि ताईतात घालून पोरीच्या गळ्यात बांधला. भीती जावी म्हणून आपल्याकडे बांधतातच. "औषध जरा जास्तच लागू पडलं," सुधाताई म्हणायच्या. "भीती गेली ती गेली, वर घरदारही सोडवलं."

घरदार सोडवलं, हे त्या हसत म्हणायच्या. पण टेबलावर एक फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, फ्रॉकच्या खिशात हात घालून उभी असलेली मुलगी. मंजू. पाच वर्षांची असताना तिला पुण्याला नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे ठेवून सुधाताई बोटीत बसल्या होत्या. नवरा, माधवराव, शाळामास्तर. अत्यंत शांत गृहस्थ. "तू जा, मी बघतो," एवढंच म्हणाले होते. सासूबाई मात्र बंदरावर सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "पोटच्या पोरीकडे पाठ फिरवून चाललीस, सुधा. आई म्हणवून घेऊ नकोस."

हे वाक्य सुधाताई आम्हाला सासूबाईंचा आवाज काढून, पदर डोक्यावरून घेऊन, मान हलवत म्हणून दाखवायच्या. आम्ही हसायचो. मग त्या उठून भांडी घासायला लागायच्या, आणि त्या दिवशी भांड्यांचा फार आवाज व्हायचा. ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. आम्हाला ते कळत होतं, पण आम्ही विशी-पंचविशीतले टोणगे, काय बोलणार?

आणि गंमत बघा. त्याच सासूबाईंचा एक दिवस निरोप आला. पुण्याहून आलेल्या कुणा गृहस्थांनी चकल्यांच्या डब्याबरोबर तो आणला. मंजू रात्रीची दचकून उठते, अंधारात पाऊल टाकत नाही. तिथं एवीतेवी अस्वलंच राखते आहेस तर दोन केस पाठवून दे. सुधाताई इतक्या हसल्या की खुर्चीवरून खाली बसल्या. "माझ्या शिक्षणाचा सासरी झालेला पहिला उपयोग!"

गावाबाहेर टेकडीच्या उतारावर एक लहानसं प्राणिसंग्रहालय होतं. तिथं त्यांचं काम चालायचं. तिथल्या अस्वलिणीचं कागदावरचं नाव काहीतरी जर्मन होतं, पण सुधाताईंनी तिचं बारसं केलं होतं, रखमा. अस्वलांची देखभाल करणारे म्हातारे हेर, म्हणजे आपले श्रीयुत, हेबर्लेसुद्धा तिला "राक्मा, राक्मा" म्हणून हाका मारायला लागले होते. रखमा ज्या झाडाला पाठ घासायची त्याच्या सालीत अडकलेले केस सुधाताईंनी काढून आणले. मग आमची परिषद बसली. जर्मन अस्वलाचा केस मराठी पोरीला चालतो का? एकजण म्हणाला, भीती जाईल पण जर्मनमध्ये जाईल. शेवटी केस गेला. काही महिन्यांनी उलट निरोप आला की पोर आता अंधारात एकटी माजघरात जाते. सुधाताईंनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना जेवायला घातलं. जेवताना मात्र एकदाच म्हणाल्या, "जाते रे अंधारात. पण मी नाही ना तिथं."

हेबर्ले महाराजांनी सुधाताईंवर एक मोठा उपकार करून ठेवला होता. त्यांनी बाईंना जर्मन शिकवलं. पण हेबर्ले अस्सल श्वाबियन, म्हणजे त्याच मुलखातले गावरान. त्यांच्या बोलीत सगळ्या जगाला शेपटाला 'ले' लागतं. घर म्हणजे 'हॉयस्ले', अस्वलाचं पिल्लू म्हणजे 'बेअर्ले', आणि वाक्य संपलं की 'गेल?', म्हणजे आपलं 'किनई?'. सुधाताई हेच जर्मन समजून घडाघडा बोलायला शिकल्या. मग एक दिवस विद्यापीठात सगळ्या प्राध्यापकांपुढे त्यांचं व्याख्यान झालं. आम्ही मागच्या बाकावर. जर्मन बाईनं पुण्यात येऊन, शास्त्रीमंडळींपुढे, "तर काय झालं बगा" म्हणून सुरुवात करावी, तसा प्रकार. पहिल्या 'बेअर्ले'ला कुणी खोकलं. दहाव्या 'गेल?'ला पहिल्या रांगेतले दोन टक्कलवाले गदागदा हलायला लागले. मुख्य प्राध्यापक महाशयांनी चष्मा पुसत विचारलं, "बाई, हे जर्मन आपण शिकलात कुठं?"

"अस्वलांच्या पिंजऱ्यात," सुधाताई शांतपणे म्हणाल्या. "गेल?"

टाळ्या पडल्या. बाईंना त्या कशासाठी पडल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

आता त्या एप्रिलच्या रविवाराबद्दल सांगतो. पाडवा नुकताच होऊन गेला होता. सुधाताई तिथल्या क्वार्कचं, म्हणजे जर्मन चक्क्याचं, श्रीखंड फार सुरेख करायच्या, पण त्या दिवशी अट घातली, आधी माझ्याबरोबर रखमाची बाळं बघायला यायचं, मग श्रीखंड. श्रीखंडासाठी मी कुठंही गेलो असतो. रखमाला त्या हिवाळ्यात दोन पिल्लं झाली होती आणि नुकतीच ती गुहेबाहेर यायला लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा छान ऊन पडलेलं. जर्मन लोक म्हणतात की एप्रिल आपल्या मनाला येईल ते करतो. त्यानं केलं. दुपार व्हायच्या आत आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि बर्फ असा आडवा यायला लागला की डोळे उघडेनात.

पिल्लांना घेऊन गुहेत जावं, तर रखमा गुहेकडे फिरकेना. आदल्या दिवशी कामगारांनी गुहेच्या छपराला डांबर लावलं होतं. त्या वासानं ती नाक मुरडून माघारी फिरली. पिल्लं उघड्यावर, केकाटतायत. आणि रखमानं काय करावं? त्यांच्या अंगावरून सरळ पुढं गेली, पडलेल्या एका ओंडक्याशी थांबली, पंजांनी बर्फ खरवडून जमीन मोकळी केली आणि पिल्लांकडे पाठ करून मख्ख बसली. ना हाक, ना मागं वळून बघणं.

तोवर संग्रहालयाचे डिरेक्टर धावत आले. बरोबर दोन माणसं, जाळं आणि पाण्याचा पाइप. अस्वलिणीला पाइपानं हुसकायचं, पिल्लं जाळ्यात धरायची आणि घरात नेऊन बाटलीवर वाढवायची, असा त्यांचा बेत. गृहस्थ वाईट नव्हता, घाबरला होता. कठड्याशी उभा राहून ओरडला, "बघा, बघा! तिनं पोरांकडे पाठ फिरवलीय! कसली आई ही!"

जर्मनमध्ये हा वाक्प्रचार आपल्यासारखाच आहे, शब्दाला शब्द. मी सुधाताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. तरातरा गेल्या आणि फाटकाच्या कडीला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

"उघडू देणार नाही."

"बाई, बाजूला व्हा. मरतील ती!"

"हेर डिरेक्टर, वारा कुठून येतोय?"

"काय?"

"वारा! आपल्या मागून येतोय. तिची पाठ पोरांकडे नाही, वाऱ्याकडे आहे. आपण वाऱ्याच्या बाजूला उभे आहोत म्हणून आपल्याला पाठ दिसतेय. पोरांना पोट दिसेल."

आणि खरंच, केकाटत केकाटत एक पिल्लू आईला वळसा घालून पलीकडे गेलं. मग दुसरं. दिसेनाशी झाली. केकाटणंही थांबलं.

"आता तर गेलीच!" डिरेक्टर म्हणाले. "हुसकवा तिला!"

"तिला उठवलंत तर मात्र जातील," सुधाताई म्हणाल्या. "आत्ता ती उठली की पिल्लं उघडी पडतील. आणि तुम्ही हात लावलेली पिल्लं ती परत जवळ घेईल न घेईल."

"आणि तिथंच मेली तर? तर उद्यापासून तुम्ही इथं पाऊल टाकायचं नाही. तुमचं काम बंद. मी विद्यापीठाला तसं कळवीन."

"मान्य," सुधाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "घसोबा, मी चुकले असेन तर पुण्याला कुठल्या तोंडानं जाऊ रे? सासूबाईंचंच खरं ठरेल." मला एवढी भीती वाटली त्यांच्यासाठी, की मीही जाऊन फाटकाला पाठ लावून उभा राहिलो. माझ्यासारख्या पाप्याच्या पितराचा तिथं काय उपयोग होणार होता, देवच जाणे.

बर्फ पडतच होता. रखमाच्या पाठीवर थर चढला, मग डोक्यावर, मग ती अस्वल आहे की ओंडका हेच कळेना. डिरेक्टर येरझारा घालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "तिच्या अंगावरचा बर्फसुद्धा वितळत नाहीये. ती स्वतःच थंड पडलीय, बाई!"

"वितळत नाही हेच बरं आहे. आतली ऊब बाहेर जात नाही म्हणून वितळत नाही. आमच्याकडे धनगर घोंगडी पांघरून बसतो, तसं आहे ते. सगळी ऊब पोरांच्या बाजूला." मग एकदम त्यांनी हात वर केला. "गप्प बसा सगळे. ऐका."

आम्ही ऐकलं. आधी नुसता वारा. मग वारा जरा पडला की त्यात एक बारीक घरघर. दूर कुणाच्या घरी पहाटे जातं फिरत असावं तशी. हेबर्ले महाराजांनी हळूच टोपी काढली.

"पिताना गुणगुणतात ती," सुधाताई म्हणाल्या. "पोट भरत असलं आणि ऊब असली तरच. आता हुसकवा, हुसकवायचं असेल तर."

डिरेक्टरांनी पाइप खाली ठेवायला सांगितला. आम्ही तिथं किती वेळ उभे होतो कोण जाणे. माझे पाय माझे राहिले नव्हते. शेवटी वारा थांबला, आभाळ निवळलं, आणि त्या पांढऱ्या ढिगानं एक जोराचा झटका दिला. बर्फ चहूकडे उडाला. रखमा उठली, आळस दिला. तिच्या पुढच्या पायांमधून एक पिल्लू बाहेर लोळलं, चक्क कोरडं ठणठणीत. अंगातून वाफा येत होत्या. दुसरं दिसेना. सुधाताईंनी माझा दंड असा धरला की त्याचा वळ आठवडाभर होता. मग रखमानं तोंडानंच त्या जागेवर ढोसलं, तेव्हा हे दुसरे महाराज उठले. झोपले होते! जांभई दिली, तोल जाऊन पुन्हा पडले.

सुधाताई हसत होत्या आणि रडत होत्या. पदरानं डोळे पुसायला गेल्या तर पदर ताठ गोठलेला. "रड की रे तूही," मला म्हणाल्या, "लाज कसली?" आणि पाठीत नेहमीचा धपाटा.

डिरेक्टर जवळ आले. खाकरले. "पाठ वाऱ्याकडे होती," म्हणाले. मग जरा थांबून, "गेल?"

त्या दिवशीचं श्रीखंड आंबट झालं होतं, पण कुणी काही बोललं नाही. त्या रविवारनंतर सासूबाईंची नक्कल मात्र सुधाताईंनी कधी केली नाही. पदवी मिळाली, एका संग्रहालयात नोकरी मिळाली, आणि पहिलं काम काय केलं असेल, तर माधवरावांना कळवलं, मंजूला पाठवा, आणि शाळेतून सुटका झाली की तुम्हीही या.

ती आली तेव्हा मी नेमका श्टुटगार्ट सोडत होतो. मला फ्रँकफर्टला काम लागलं होतं. मंजूला बोटीनं आणि मग आगगाडीनं घेऊन येणाऱ्या केळकरकाकूही फ्रँकफर्टलाच नवऱ्याकडे निघालेल्या. म्हणजे गाडी तीच. ती श्टुटगार्टला थांबणार, इंजिन बदलणार, मंजू उतरणार, मी चढणार आणि काकू पुढं जाणार, असा ठरवलेला बेत. मार्च संपत आला होता. त्या दिवशीही बर्फ भुरभुरत होता, आणि काकूंचा डबा नेमका फलाटाच्या टोकाला, छपराच्या बाहेर लागला.

काकू उतरल्या. त्यांच्या पदराला धरून आठ वर्षांची मंजू. गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत. सुधाताई दोन्ही हात पसरून पुढं झाल्या, आणि पोर झटकन काकूंच्या मागं लपली.

"ही माझी आई नाही," ती म्हणाली. "माझी आई बारीक आहे."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसलो असतो. बाई अंगानं भरल्या होत्या हे खरं, वर तो जाडजूड ओव्हरकोट. पण सुधाताईंचे पसरलेले हात तसेच राहिले होते, आणि ते बघवत नव्हतं. काकू म्हणाल्या, "अगं मंजू, आईच ती! जा बघू." मी खिशातलं चॉकलेट काढून नाचवलं. पोरीनं काकूंचा पदर आणखी घट्ट धरला आणि भोकाड पसरलं. "मी काकूंबरोबर जाणार!" तिकडे इंजिन लागल्याचा धक्का बसला. काकू रडकुंडीला आल्या. "आता हो काय करायचं, सुधाताई? ओढून देऊ का?"

"नको," सुधाताई म्हणाल्या. "कुणी ओढू नका. हाका मारू नका. घसोबा, ते चॉकलेट आत ठेव."

त्या पोरीच्या अंगावरून सरळ पुढं गेल्या. फलाटाच्या टोकाला सामानाची एक ढकलगाडी उभी होती, तिच्या आडोशाला पोचल्या. पायानं तिथला बर्फ बाजूला सारला, वाऱ्याकडे पाठ केली आणि पातळ सावरून उकिडव्या बसल्या. कोटाची बटणं सोडली. मागं वळून पाहिलं नाही. नुसत्या गुणगुणायला लागल्या. शब्द नव्हते. बारीक घरघर.

मंजू रडायची थांबली. तिला ते विचित्र वाटलं असावं. कुणी समजूत घालेना, कुणी ओढेना, आणि वारा तर कान कापत होता. तिनं पदर सोडला. दोन पावलं टाकली, थांबली. ताईत मुठीत धरला. मग वळसा घालून पलीकडे गेली, समोरून चेहरा बघायला, आणि मला दिसेनाशी झाली.

शिट्टी झाली. काकूंना वर चढवून मी मागोमाग चढलो आणि खिडकीची काच खाली ओढली. मंजूचा आवाज मात्र आला.

"हा तुझ्या अस्वलाचा केस आहे?"

"हो."

"वारा तिकडून येतोय. तू हलू नकोस हं, आई."

"नाही हलत," सुधाताई म्हणाल्या.

गाडी सुटली. मी अच्छा करायला हात बाहेर काढला होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. मला दिसत होती ती फक्त त्यांची रुंद, काळ्या कोटातली पाठ, आणि कोटाखालून बाहेर आलेले दोन छोटे बूट. पाठीवर बर्फाचा थर चढत होता. जरासुद्धा वितळत नव्हता.